पेट्रोल येतंय, पण पुरतंय का?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो असा समजला: वडिलांची १९९८ ची हिरो होंडा स्प्लेंडर, दोन वर्षं पोर्चमध्ये झाकून उभी. आता बाहेर काढलीत. गावात छान चालते, एका किकला सुरू होते, स्लोही धरते. हायवेला पन्नास-पंचावन्नच्या वेगाने चार-पाच किलोमीटर गेलं की आचके देते, कितीही पिळली तरी ओढत नाही आणि पेट्रोल संपल्यासारखी बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू. रिझर्व्हला टाकली की थोडी बरी. कार्बोरेटर तीनदा साफ झाला, दर वेळी दोन दिवस बरी चालली, प्लग नवा, एअर फिल्टर नवा, आणि आता मेकॅनिक म्हणतोय, इंजिनाचं ब्लॉक-पिस्टन करून टाका. करू का, आणि खर्च किती?

नका करू. निदान आत्ता तरी नका. ब्लॉक-पिस्टन गेलेली गाडी सकाळी किकला त्रास देते, धूर काढते, तेल खाते आणि पहिल्या किलोमीटरपासूनच मरगळलेली असते. दहा मिनिटं सावलीत उभी करून ती सुधारत नाही. तुमची सुधारते, म्हणजे काहीतरी संपतंय आणि थांबल्यावर पुन्हा भरतंय.

मी साताऱ्यात सत्तावीस वर्षं गॅरेज चालवतोय. जुन्या हिरो होंडा, यामाहा आरएक्स, बुलेट हेच रोजचं काम. तरी गाडी माझ्यासमोर नाही, त्यामुळे खालचं सगळं तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून लिहितोय. टाकी आतून कशी आहे, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक मूळचा आहे की बदललेला, मध्ये कुणी फिल्टर घातलाय का, यावर बरंच अवलंबून आहे.

अशा गाडीत नव्वद टक्के लोक एकच गोष्ट बघतात. कार्बोरेटरची पेट्रोल नळी ओढायची, धार पडली की म्हणायचं, 'पेट्रोल येतंय' आणि कार्बोरेटर खोलायला घ्यायचा. पण पेट्रोल येतंय का, हा प्रश्नच अपुरा आहे. मिनिटाला किती येतंय आणि पाचव्या मिनिटालाही तेवढंच येतंय का, हे बघायला हवं.

थोडा हिशोब करू. पन्नासच्या वेगाने जाताना गाडी लिटरला पन्नास देते असं धरा. म्हणजे तासाला एक लिटर, मिनिटाला साधारण १७ मिली. पूर्ण पिळून खंबाटकी घाट चढत असाल तर हाच आकडा तीस-चाळीस मिलीपर्यंत जातो. गावात मात्र पाच-सात मिलीवर भागतं. आता कार्बोरेटरच्या खालची वाटी बघा, फ्लोट म्हणजे तरंगता गोळा असतो ती. त्यातलं पेट्रोल कटिंग चहाच्या ग्लासात ओतलं तर ग्लास निम्माही भरणार नाही. पंचवीसेक मिली असेल. टाकीतून मिनिटाला बारा-तेरा मिलीच येत असतील आणि इंजिन सतरा मागत असेल, तर दर मिनिटाला चार-पाच मिलीची तूट. ती वाटीतून भरून निघते. पाच-सहा मिनिटांत वाटी रिकामी आणि तुमचे चार-पाच किलोमीटर पूर्ण. मग तुम्ही बाजूला थांबता, वाटी हळूहळू भरते, किक मारली की चालू. दहा मिनिटांची विश्रांती इंजिनाला नाही, वाटीला लागते.

हा हिशोब तुमच्या लक्षणांना चपखल बसतो, म्हणून माझा कल पेट्रोलकडे आहे. पण एक भिडू असाच खेळ करतो, तो म्हणजे इग्निशन. सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा), त्याला इशारा देणारी पल्सर कॉइल किंवा प्लगची कॉइल जुनी झाली की गरम झाल्यावर करंट सोडते आणि थंड झाल्यावर परत देते. तिथेही दहा मिनिटांनी गाडी चालू. फरक असा की करंट गेला की बहुतेक वेळा किल्ली फिरवल्यासारखी गाडी गपकन बंद होते, आणि पेट्रोल कमी पडलं की ती आचके देत, भीक मागत बंद होते. तुम्ही आचके लिहिलेत. तरी नुसत्या अंदाजावर जाऊ नका, कारण खात्री करायला पाच रुपयेही लागत नाहीत.

डिकीत एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक छोटी बाटली ठेवा आणि हायवेला जा. आचके सुरू झाले की गाडी डावीकडे घ्या आणि बंद पडताक्षणी कॉक ऑफ करा. हे महत्त्वाचं आहे, नाहीतर तुम्ही हेल्मेट काढेपर्यंत वाटी पुन्हा भरायला लागते. कॉक बंद असला की घाई नाही, इंजिन निवू द्या. मग वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून खालच्या नळीतून येणारं पेट्रोल बाटलीत घ्या. चार-दोन थेंबच आले, तर वाटी उपाशी होती आणि दोष कार्बोरेटरच्या वरच्या बाजूला आहे किंवा त्याच्या दारात, म्हणजे वाटीत पेट्रोल सोडणाऱ्या फ्लोटच्या सुईपाशी. पंचवीसेक मिली आलं, तर पेट्रोल हजर होतं आणि इंजिनाने ते घेतलं नाही. मग करंट तपासा, नाहीतर मेन जेट, म्हणजे वाटीतलं पेट्रोल इंजिनाला देणारं पितळी भोक. या एका चाचणीने अर्धा नकाशा बाद होतो. तीनदा कार्बोरेटर खोलणाऱ्याने ती एकदा केली असती तर बरं झालं असतं.

वाटी उपाशी निघाली असं धरून पुढे जाऊ.

आता घरी, मोकळ्या हवेत. आसपास विडी-सिगारेट, देवाचा दिवा, चालू गॅस काही नको, इंजिन पूर्ण थंड हवं, आणि पेट्रोलची बाटली उघडी असताना प्लगची ठिणगी तपासायची नाही. गाडी डबल स्टँडवर, टाकी निम्म्याच्या वर, झाकण नेहमीसारखं लॉक. बाटलीवर मार्करने शंभर-शंभर मिलीच्या खुणा करा. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा, पण बाटलीचं तोंड कार्बोरेटरच्याच उंचीला ठेवा. जमिनीवर ठेवलीत तर उतार वाढतो, धार जोरात पडते आणि आकडा खोटा येतो. आमच्याकडे नवीन आलेली पोरं हमखास इथे चुकतात. कॉक ऑन करा आणि घड्याळ लावा. पहिल्या मिनिटाला किती, तिसऱ्याला किती, पाचव्याला किती, ते लिहून ठेवा. मग तेच रिझर्व्हला करा. शेवटी टाकीचं झाकण उघडं ठेवून पुन्हा एकदा. बाटली पाच मिनिटांची धार मावेल एवढी मोठी घ्या; एक मोजणी पूर्ण झाली की कॉक बंद करून पेट्रोल टाकीत परत ओता आणि पुढची करा, मध्येच झाकण उघडू नका.

माझ्या अनुभवात अशा गाडीची निरोगी धार मिनिटाला २०० मिलीच्या आसपास किंवा वर असते. शंभराच्या खाली आली की मी संशय घेतो. इंजिनाची भूक चाळीसच्या वर जात नसली तरी एवढं हातचं लागतंच, कारण नळीचं टोक मोकळं असताना मोजलेली धार आणि सुईच्या बारीक भोकातून, हेलकावे खात, कमी झालेल्या टाकीतून मिळणारी धार यांत फार फरक पडतो.

सुरुवातीला धार जोरात, मग मंदावत गेली आणि झाकण उघडताच पुन्हा जोरात झाली, तर गुन्हेगार झाकण. टाकीतून पेट्रोल खाली उतरायचं तर तेवढी हवा वरून आत जायला हवी. झाकणाचं श्वासाचं भोक बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल वरच अडकतं. पाण्याने भरलेला स्ट्रॉ वरून बोटाने दाबला की पाणी गळत नाही, तोच प्रकार.

याच झाकणाने मला एकदा चांगलंच नाचवलं होतं. एका दूधवाल्याची हिरो होंडा सीडी १००, दोन्ही बाजूंना कॅन. पहाटे गावातून निघाला की सात-आठ किलोमीटरवर बंद. मी कार्बोरेटर चार वेळा खोलला, नीडल बदलली, नळी बदलली. दुपारी माझ्याकडे आणली की गाडी सोन्यासारखी चालायची. पाचव्या वेळी वैतागून त्यालाच म्हटलं, उद्या पहाटे मी येतो. गाडी बंद पडल्यावर मी सवयीने टाकीत डोकावायला झाकण उघडलं आणि 'फुस्स' आवाज आला. किक मारली, चालू. टाकीला रेक्झिनचं कव्हर होतं. झाकणावरची त्याची पट्टी दूध आणि धुळीने चिकट होऊन झाकणाला घट्ट बसली होती, आणि खालचं भोकही त्याच लगद्याने भरलेलं. दुपारी का चालायची? गाडी उन्हात उभी असली की टाकी तापते, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि तीच वाफ पेट्रोलला खाली ढकलते. पहाटेच्या गारठ्यात ती मदत नसते. शिवाय तो रात्रीच टाकी फुल्ल करायचा. फुल्ल टाकीत पेट्रोलवर हवा अगदी थोडी असते, त्यामुळे थोडंसं पेट्रोल उतरलं तरी ओढ लगेच जोर धरते. अर्ध्या टाकीत तेवढ्याच ओढीला कितीतरी जास्त वेळ लागतो. त्या दिवसापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो: टाकी फुल्ल असताना जास्त त्रास होतो की कमी असताना? फुल्ल असताना होत असेल तर आधी झाकण. टाकी उतरल्यावर होत असेल तर कॉक आणि गंज. हे तुम्ही लिहिलं नाहीत, आठवून बघा.

झाकण साफ करताना त्याला तोंड लावून फुंकू नका, पेट्रोल पोटात जाईल. हवा मारा, किंवा खालून पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने घासा. लॉक बिघडलं म्हणून बाजारातलं स्वस्त झाकण लावलं असेल तर त्याला भोक आहे का, तेही बघा. मी बिनभोकाची झाकणं पाहिलीत.

आता तुमच्या प्रश्नातला एक शब्द मला जास्त बोलका वाटतो: 'रिझर्व्हला बरी'. नुसतं झाकण बुजलं असतं तर ऑन काय आणि रिझर्व्ह काय, सारखंच. कॉकला टाकीच्या आत दोन वाटा असतात. ऑनची नळी उंच उभी असते, रिझर्व्हचं भोक तळाशी. टाकीत पेट्रोल भरपूर असूनही रिझर्व्हला धार जास्त पडत असेल तर ऑनची वाट अडलेली आहे. एकतर तिच्यावरची जाळी गंजाच्या चिखलाने माखलीय, नाहीतर कॉकच्या मुठीमागचा भोकांचा रबरी वायसर फुगून किंवा फिरून भोक अर्धं झाकतोय. अर्थात आधी टाकीत खरंच पुरेसं पेट्रोल होतं ना, तेही तपासा. हसू नका. ऑनला बंद आणि रिझर्व्हला चालू म्हणून धडकलेल्या निम्म्या गाड्यांना माझ्याकडे दोन लिटर पेट्रोलच लागलेलं असतं.

कॉक काढायच्या आधी टाकी पूर्ण रिकामी करा, स्वच्छ काचेच्या बरणीत. बरणी तासभर हलवू नका. तळाशी तांबूस पूड बसली तर गंज. खाली वेगळा, गढूळसा थर दिसला तर पाणी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. वीस टक्क्यांचं, म्हणजे ई२०, देशात फेब्रुवारी २०२३ पासून मिळायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच आहे. ऊस आपल्याच शिवारातला, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हाही प्रश्नच! पण १९९८ च्या गाडीचे रबर त्या हिशोबाने बनवलेले नव्हते. कुठले फुगतात, कुठले कडक होऊन तडकतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, नेमके रिझर्व्हच्या भोकाशी. दोन पावसाळे उभ्या असलेल्या अर्ध्या रिकाम्या टाकीत हे सगळं झालेलं असणार असं धरूनच चाला.

कॉक काढल्यावर जाळी मऊ ब्रशने धुवा. फाटली असेल तर कॉकच बदला. खाली छोटी वाटी असेल तर ती उघडून आतली जाळी आणि ओ-रिंग बघा. वायसर पन्नास वेळा उलटा-सुलटा करून वापरण्यात अर्थ नाही, नवा टाका.

टाकीत टॉर्चने बघा. फिकट तपकिरी छटा चालते, पण पोपडे दिसत असतील तर कॉक कितीही धुवा, आठवड्यात पुन्हा तेच. मी सायट्रिक ॲसिड वापरतो, किराणा दुकानात मिळतं ते. कोमट पाण्यात लिटरला साधारण शंभर ग्रॅम, टाकी काठोकाठ भरायची, भोकं बंद करून रात्रभर ठेवायची. सकाळी ओतून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, मग साध्या पाण्याने, आणि लगेच उन्हात खडखडीत वाळवायची. वाळवण्यात आळस केलात तर दुपारपर्यंत नवा केशरी गंज दिसतो. वाळली की ताबडतोब पेट्रोल भरायचं. एक इशारा मात्र आधीच देतो: फार गंजलेल्या टाकीत गंजानेच भोक बुजवलेलं असतं. गंज गेला की टाकी पाझरायला लागते. ते आम्ही केलं नाही, ते तिथे होतंच, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं लागतं.

नळीकडे एक नजर टाका. कडक झालेली, मोडलेली, किंवा इंजिनाच्या हेडला चिकटून गेलेली नळी बदला. मध्ये कुणी चारचाकीचा कागदी फिल्टर घातला असेल तर तो काढा. तो पंपाच्या दाबावर चालणारा आहे. आपल्याकडे दाब म्हणजे टाकी आणि कार्बोरेटर यांतलं वीतभर अंतर. लावायचाच असेल तर दुचाकीचा बारीक जाळीचा, आणि नळी वरून खाली उतरतीच राहील असा.

बाटलीचे तिन्ही आकडे चांगले आले तरच कार्बोरेटरकडे वळा. तिथेही खोलायच्या आधी एक चाचणी करा: नळी कार्बोरेटरला जोडा, कॉक ऑन ठेवा, ड्रेन स्क्रू उघडा आणि दोन मिनिटं सोडून द्या. धार नुसत्या नळीइतकी मोठी पडणार नाही, पण अखंड पडली पाहिजे. सुरुवातीला वाटी रिकामी होईपर्यंत धार आणि मग थेंब थेंब असं झालं, तर दार अडलंय. म्हणजे फ्लोटची सुई तिच्या सीटमध्ये चिकटतेय, किंवा सीटच्या मागच्या भोकात कचरा आहे, किंवा फ्लोट तिरका बसलाय. कार्बोरेटर 'साफ केला' म्हणजे बहुतेक ठिकाणी मेन जेट आणि स्लो जेटला हवा मारली एवढंच असतं. सुईच्या सीटकडे कुणी बघत नाही. तुमच्या मेकॅनिकला नेमकं हेच विचारा.

कार्बोरेटरच्या बाजूच्या हवेच्या बारीक नळ्याही बघून घ्या. टाकीसारखाच वाटीलाही श्वास लागतो. उभ्या राहिलेल्या गाडीत कुंभारीण माशी या नळ्यांच्या तोंडाशी मातीचं घर बांधते. तीन महिन्यांपूर्वीच एका आरएक्समधून मी शेंगदाण्याएवढा गोळा काढलाय. आणि जेटमध्ये तार घालू नका, कुणाला घालू देऊ नका. मेन जेटचं भोक एक मिलिमीटरपेक्षा कमी आणि स्लो जेटचं अर्ध्यापेक्षाही कमी असतं, पितळ मऊ असतं. एकदा ओरखडा पडला की ॲव्हरेज गेलंच म्हणा.

राहता राहिली एक शंका, जी तुमच्या मनात असेलच: प्रत्येक वेळी कार्बोरेटर साफ केल्यावर दोन दिवस गाडी बरी का चालायची? कारण त्या कामात नळी निघते, कॉकमधून भसाभसा पेट्रोल सोडून बघितलं जातं, जाळीवरचा चिखल हलतो, टाकीचं झाकण उघडतं. कार्बोरेटरला काही झालेलंच नसतं, पण त्याला हात लावण्याच्या निमित्ताने खऱ्या दोषाला तात्पुरता धक्का बसतो. मेकॅनिकला वाटतं, आपण दुरुस्त केली. दूधवाल्याच्या वेळी मलाही चार वेळा तसंच वाटलं होतं.

खर्च विचारलात. वायसर, नळी, ओ-रिंग, सायट्रिक ॲसिड, लागलाच तर कॉक, एवढ्यात बहुधा भागेल. ब्लॉक-पिस्टनच्या खर्चाच्या तो जवळपासही जात नाही.

रविवारी बाटली घेऊन बसा. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मिनिटाचे आकडे लिहून पाठवा: ऑनचे, रिझर्व्हचे आणि झाकण उघडून घेतलेले. रस्त्यात बंद पडल्यावर वाटीतून किती मिली आलं तेही कळवा. टाकीवर रेक्झिनचं कव्हर आहे का, हेही सांगा.